१०३ पौंडांची पोरं : शाळेतल्या सर्वांत हलक्या गटातून वर आलेले पैलवान

ओहायोकर_गडी

टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत दीपक पुनियाला १०-० असं गुंडाळणारा डेव्हिड टेलर बऱ्याच जणांना आठवत असेल. गट ८६ किलोचा. दुसऱ्या दिवशी, ५ ऑगस्ट २०२१ ला, इराणच्या हसन यझदानीविरुद्ध तो अगदी शेवटापर्यंत मागे होता. घड्याळात थोडेच सेकंद उरलेले असताना त्याने पट (पाय धरून पाडायचा डाव) काढला, दोन गुण घेतले आणि ४-३ ने सुवर्ण नेलं. जागतिक विजेतेपद २०१८ लाच मिळालं होतं, पुढे २०२२ आणि २०२३ लाही मिळालं.

हाच टेलर इथे ओहायोत, सेंट पॅरिसच्या ग्रॅहम हायस्कूलमध्ये नववीत होता तेव्हा १०३ पौंडांत खेळायचा. १०३ पौंड म्हणजे ४६.७ किलो. त्या काळी अमेरिकन शाळांमधला तो सर्वांत हलका गट. नववीतच तो त्या गटात राज्याचा विजेता झाला, आणि पुढची तिन्ही वर्षं विजेतेपद त्याच्याकडेच राहिलं. गट तेवढा वर सरकत गेला. पेन स्टेट विद्यापीठात १६५ पौंडांत, म्हणजे ७५ किलोच्या आसपास, २०१२ आणि २०१४ ला राष्ट्रीय विजेता. मग ८६ किलो.

त्याच्या कितीतरी आधीचा दाखला डॅन गेबलचा. आयोवा राज्यातलं वॉटर्लू हे त्याचं गाव. १९६४ ला ९५ पौंडांत (४३ किलो) राज्य विजेता, १९६५ ला १०३ आणि १९६६ ला ११२ पौंडांत. शाळेत ६४ कुस्त्या, हार एकही नाही. कॉलेजात १९६८ ला १३० पौंडांत आणि १९६९ ला १३७ पौंडांत राष्ट्रीय विजेता. १९७० ला शेवटच्या कुस्तीत १४२ पौंडांत लॅरी ओविंग्जकडून १३-११ ने हरला. शाळा-कॉलेज मिळून ही एकच हार. दोन वर्षांनी म्युनिकला ६८ किलोत सुवर्ण, आणि अख्ख्या स्पर्धेत समोरच्याला एक गुणसुद्धा दिला नाही.

ही दोन नावं मुद्दाम घेतली, कारण दोघंही शाळेत सर्वांत लहान चणीची पोरं होती आणि दोघांनाही त्या वयात पूर्ण मान मिळाला. याचं कारण इथल्या शालेय कुस्तीच्या रचनेत आहे. इथे दोन शाळांचा सामना होतो. प्रत्येक गटात प्रत्येक शाळेचा एक गडी. साधा विजय ३ गुण, मोठ्या फरकाने जिंकलं तर ४, तांत्रिक वर्चस्वावर (गुणांची आघाडी इतकी मोठी की लढत तिथेच थांबते) ५, चितपट केलं तर ६. हे गुण शाळेच्या खात्यात जातात. सर्वांत हलक्या गटातल्या (१०३ चा तो गट पुढे १०६ चा झाला) पोराने चितपट केलं तरी ६ आणि सर्वांत जड, २८५ पौंडांच्या गड्याने केलं तरी ६. एखाद्या गटात शाळेकडे गडीच नसेल तर समोरच्या शाळेला ६ गुण फुकट जातात. त्यामुळे हंगामाच्या आधी प्रशिक्षक नववीच्या वर्गांत बारीक चणीची पोरं शोधत हिंडतात. जो पोरगा बास्केटबॉलच्या संघात बाकावर बसला असता, त्याला इथे शाळेच्या मुख्य संघाचा पोशाख मिळतो.

आपल्याकडे बारीक पोराला कोणी असं शोधत येत नाही, आणि मला हे फार लागतं. तुम्हाला काय वाटतं? हलक्या गटातून आलेले आणखी कोण आठवतात, तेही लिहा.

तालमीतला_पोरगा

धागा आवडला दादा. गेबलचं ९५ पौंडांचं माहीत नव्हतं.

आमच्या कोल्हापूर भागात जत्रेच्या मैदानात सुरुवात बारक्या पोरांपासूनच होते. दुपारी ऊन असतंय, माणसं अजून यायची असतात, आणि रेवड्यांवर, नारळावर पोरांच्या कुस्त्या लावल्या जातात. मग शंभर, दोनशे, पाचशे असं इनाम चढत जातं. एक नंबरची जोड दिवस मावळताना. तोपर्यंत मैदान खच्चून भरलेलं असतं, हलगी तापलेली असते. बारक्या पोरांनी एकदम चोख डाव केलेले असतात, पण ते बघायला माणूस नसतो. आमच्या तालमीत एक पोरगा होता, ४८ किलोचा. त्याची ढाक वस्ताद मोठ्या पोरांना करून दाखवायला लावायचे, इतकी साफ. इनाम किती मिळायचं, तर जायच्या-यायच्या एसटीचं भाडं निघेल एवढं. बारावीनंतर सोडली त्यानं कुस्ती.

महाराष्ट्र केसरीचंही बघा. ५७ पासूनच्या वजनगटांत माती आणि गादी दोन्हीकडे कुस्त्या होतात, पदकं मिळतात. पण गदा ८६ ते १२५ च्या गटाला. टीव्हीवर तेच, पेपरात तेच.

निळा_लंगोट

विषय चांगला आहे, पण एक शंका मांडतो. टेलर आणि गेबल मोठे झाले म्हणून त्यांचा १०३ चा गट आपल्याला दिसतो. दरवर्षी प्रत्येक राज्यात त्या गटात एक विजेता होतो. पन्नास राज्यं धरा, त्यांत लहान-मोठ्या शाळांचे विभाग वेगळे. त्यातले बहुतेक पुढे कुठे गेले, कोणाला ठाऊक?

शिवाय सर्वांत हलक्या गटात स्पर्धा पातळ असते असं तिथले लोकच म्हणतात. बऱ्याच शाळांकडे त्या वजनाचं पोरगंच नसतं. मग विजेतेपदाचं वजन तेवढंच. १४५-१५० पौंडांत राज्य जिंकणं वेगळं, तिथे सतरा-अठरा वर्षांचे तयार गडी असतात.

ओहायोकर_गडी

@निळा_लंगोट, मोकळे गट असतात हे खरं आहे. पण तुम्ही म्हणता त्याच गोष्टीत या गटाचा फायदा आहे, असं माझं मत.

नववीतला, चौदा वर्षांचा पोरगा १४५ पौंडांचा असेल तर समोर बारावीतला दाढी आलेला गडी येतो. तो मार खातो, नाहीतर दुसऱ्या संघात बसतो. १०३ किंवा १०६ ला समोर बहुतेक वेळा त्याच्याच वयाचा, नववी-दहावीतला पोरगा असतो, कारण बारावीपर्यंत त्या वजनात राहणारे फार थोडे. म्हणजे बारीक पोराला पहिल्याच वर्षी मुख्य संघातून, प्रेक्षकांसमोर, खऱ्या गुणांसाठी हंगामभर कुस्त्या मिळतात. त्याच्या वर्गातला धिप्पाड पोरगा ते दोन-तीन वर्षांनी अनुभवतो. टेलर अकरावीत पोचला तोवर त्याच्या अंगावर दोन पूर्ण हंगाम होते, दोन राज्यस्तरीय अंतिम लढती होत्या.

दुसरं म्हणजे ताकदीने ओढून नेता येत नाही. चौदाव्या वर्षी ४६ किलोच्या अंगात ताकद असून असणार किती? पायांची हालचाल, हात सोडवणं, पटात शिरण्याची वेळ, यावरच सगळं चालतं. तीच सवय घेऊन पोरगं ७५ किलोचं झालं की समोरच्याला ते झेपत नाही. टेलर ८६ किलोत घोट्याला हात घालायचा, सलग हल्ले करत राहायचा, सहाव्या मिनिटालाही त्याचे पाय थांबायचे नाहीत. मोठ्या गटातल्या पैलवानांत असं सहसा दिसत नाही. मी त्याच्या कुस्त्या बघतो तेव्हा मला प्रत्येक वेळी तो ४६ किलोचा पोरगा आत दिसतो.

गटांच्या आकड्यांबद्दलही लिहितो. गेबलच्या वेळी ९५ चा गट होता. पुढे १९८८ पर्यंत सर्वांत हलका गट ९८ पौंडांचा होता, मग १०३ झाला, २०११-१२ च्या हंगामापासून १०६. न्यूयॉर्कने त्याहून हलका, ९९ पौंडांचा गट ठेवला होता, आणि तिथे सातवी-आठवीतली पोरंही हायस्कूलच्या मुख्य संघात खेळू शकतात. २०२३-२४ पासून राज्यांना १२, १३ किंवा १४ गट निवडायची मुभा मिळाली. १४ घेतले तर सुरुवात १०६ ला, १२ घेतले तर १०८ ला. कारण तुम्ही सांगितलंत तेच, रिकामे गट आणि फुकट जाणारे गुण. इथल्या प्रशिक्षकांत यावरून मोठा वाद आहे. माझ्या मते १०६ राखायलाच हवा. दोन पौंड ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण ९८ पौंडांच्या पोराला १०८ वाल्याशी लढायचं म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दहावा हिस्सा जास्त असलेल्याशी लढायचं.

जर्सीतली_आई

माझी मुलगी इथे न्यू जर्सीत हायस्कूलमध्ये कुस्ती खेळते, १०० पौंडांत. मुलींचा सर्वांत हलका गट तोच, ४५ किलोपेक्षा थोडा जास्त. घरी आजी-आजोबांना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. आता सामन्याच्या दिवशी आजोबाच आधी फोन करतात.

मुलींचं म्हणाल तर हेलन मरूलिसचं नाव या धाग्यात यायलाच हवं. मेरीलँडची. धाकट्या भावाला सरावाला जोडीदार नव्हता म्हणून तिला गादीवर उभं केलं, तेव्हा ती सात वर्षांची होती. मुलींचा वेगळा संघ नव्हता, म्हणून हायस्कूलला मुलांशीच खेळली आणि मेरीलँडच्या राज्य स्पर्धेत क्रमांक मिळवणारी पहिली मुलगी ठरली. हलक्या गटांमुळेच हे शक्य होतं, कारण त्या वजनात मुलगा आणि मुलगी यांच्या ताकदीतलं अंतर अजून फार वाढलेलं नसतं. २०१६ ला रिओत तिने ५३ किलोत जपानच्या साओरी योशिदाला ४-१ ने हरवलं. योशिदा तोवर तीनदा ऑलिंपिक विजेती होती. अमेरिकन महिला कुस्तीचं ते पहिलं सुवर्ण. त्याच रिओत आपल्या साक्षी मलिकने ५८ किलोत ब्राँझ घेतलं होतं.

सारा हिल्डेब्रँटचंही तसंच. इंडियानात मुलांबरोबर शाळेत खेळली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ५० किलोच्या अंतिम फेरीत तिच्यासमोर आपली विनेश फोगट असायला हवी होती. १०० ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून ती बाद झाली, ते सगळ्यांना माहीत आहे. मी आणि मुलगी, दोघी त्या दिवशी रडलो. मुलीने मला विचारलं की विनेशला आधीच्या ५३ किलोच्या गटात खेळू का दिलं नाही? मी सांगितलं की त्या गटात भारताची दुसरी मुलगी पात्र ठरली होती. ती म्हणाली, मग मला कधीच खालच्या गटात ढकलू नकोस. तिला मी तसं वचन दिलंय.

डॉ_वजनकाटा

ताई, वचन दिलंत ते उत्तम केलंत. मी मुलांच्या क्रीडावैद्यकात काम करतो, म्हणून या धाग्यावर एक गोष्ट ठासून सांगायची आहे. नैसर्गिकरीत्या ४६ किलोचा असलेला मुलगा आणि ५२ चा असून ४६ वर आणलेला मुलगा, यांना एकाच तराजूत मोजू नका. टेलर आणि गेबल यांच्या कथेत वजन दरवर्षी वर गेलं. वाढीच्या वयात अंग वाढू दिलं गेलं. या कथेतून बोध घ्यायचा तर हाच घ्या.

अमेरिकेतही हे शहाणपण सहज आलेलं नाही. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात महिन्याभराच्या अंतरात कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले. रबरी कपडे घालून गरम खोलीत व्यायाम, पाणी बंद, असा प्रकार होता. त्यानंतर कॉलेज कुस्तीत गरम खोल्या आणि रबरी कपड्यांवर बंदी आली, वजन सामन्याच्या जवळ घ्यायला सुरुवात झाली आणि सगळे गट वर सरकवले. ११८ पौंडांचा सर्वांत हलका गट गेला, १२५ चा आला.

शाळांसाठी २००६-०७ पासून नियम झाला की हंगामाच्या सुरुवातीला मुलाची लघवी तपासायची, शरीरात पाणी पुरेसं आहे ना ते बघायचं, मगच चरबीचं प्रमाण मोजायचं. मुलांसाठी ७ टक्के आणि मुलींसाठी १२ टक्के ही खालची मर्यादा. त्यावरून तो मुलगा कोणत्या गटाच्या खाली जाऊ शकत नाही हे ठरतं. आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन उतरवायचं नाही. ४८ किलोच्या मुलाला हे साधारण ७०० ग्रॅम पडतं. शिवाय हंगामाच्या मध्यावर बऱ्याच राज्यांत दोन पौंडांची वाढ मान्य करतात, कारण पोरगं वाढणारच.

ही पाणी तपासायची पट्टी महाग नाही. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत ती का येऊ नये, हे मला कळत नाही.

कृष्णाकाठचा

डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून हात थरथरला. मी सांगतो आमच्या वेळचं. मी अकरावीला होतो, वजन ५५. मला शिकवणाऱ्यांनी ठरवलं की ४८ ला उतरायचं, कारण ५५ ला आमच्याच तालमीचा दुसरा पोरगा होता. दोन स्वेटर, वरून रेनकोट, भर उन्हात मळ्याच्या बांधावरून पळायचं. शेवटचे दोन दिवस पाणी नाही. तोंडात चिंच धरायची आणि थुंकत बसायचं, तेवढंच वजन जातं म्हणून. काट्यावर उभा राहिलो तेव्हा काटा डोळ्याला दिसत नव्हता. वजन बसलं. पहिल्याच कुस्तीत पोटऱ्यांना गोळे आले आणि एका साध्या एकेरी पटाला पाठ टेकली. घरी आईला सांगितलं नाही, तिला अजून माहीत नाही.

पुढे उंची वाढली, ६५ ला खेळलो आणि बरा खेळलो. पण त्या वर्षीची धास्ती अंगातून गेली नाही. आता मी दोन पोरांना शिकवतो. त्यांच्या वजनाला हात लावत नाही.

पॅरिसला अमन सेहरावतने उपांत्य फेरीनंतर दहा तासांत साडेचार किलोच्या वर वजन उतरवलं आणि ब्राँझ जिंकलं. मला त्याचा अभिमान आहे. पण ते एकवीस वर्षांच्या तयार गड्याने, डॉक्टर आणि प्रशिक्षक शेजारी बसवून केलं. तालमीतल्या पोरांनी ते बघून तसंच करायचा विचार करू नये, एवढं कळकळीनं सांगतो.

ओहायोकर_गडी

@कृष्णाकाठचा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हे प्रत्येक वस्तादाने वाचायला हवं.

आता दुसरी बाजू, म्हणजे जे वाढलेच नाहीत त्यांची. सगळेच टेलरसारखे दुप्पट होत नाहीत. शाळेतला सर्वांत हलका गट १०६ आणि कॉलेजातला १२५. मधले १९ पौंड बऱ्याच पोरांची कुस्ती संपवतात.

इथे मला अँथनी रोबल्सचं नाव घ्यायचं आहे. जन्मतःच उजवा पाय नाही. अ‍ॅरिझोनातल्या मेसा हायस्कूलमध्ये नववीत कुस्तीला आला तेव्हा वजन ९० पौंडांच्या आसपास, म्हणजे सर्वांत हलक्या गटापेक्षाही कमी. पहिल्या हंगामात जिंकल्या त्यापेक्षा हरलेल्या कुस्त्या जास्त. अकरावी-बारावीत मात्र एकही हरला नाही आणि दोन्ही वर्षं राज्य विजेता. तरीही मोठ्या कुस्ती विद्यापीठांनी त्याला बोलावलं नाही, इतका बारीक गडी १२५ ला टिकणार नाही असं त्यांना वाटलं. अ‍ॅरिझोना स्टेटने घेतलं. २०११ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात त्याने आयोवाच्या मॅट मॅकडोनाला, आदल्या वर्षीच्या विजेत्याला, ७-१ ने हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. त्या हंगामात ३६ कुस्त्या, ३६ विजय.

त्याचा खेळ बघण्यासारखा होता. एक गुडघा गादीवर, हात खाली, छाती जमिनीलगत. समोरच्याला शिरायला पायच मिळायचा नाही. आयुष्यभर कुबड्यांवर चालल्यामुळे पकड अशी की मनगट धरलं की सुटायचं नाही. मग तो समोरच्याला खाली घेऊन दोन्ही मनगटं लॉक करून फिरवायचा, एकदा, पुन्हा एकदा. अंतिम लढतीत पहिल्याच फेरीत सात गुण झाले होते. पाय नसल्याने त्याचं १२५ पौंड सगळं धडात आणि हातांत होतं, आणि त्याने त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

स्पेन्सर ली हेही नाव इथलंच. तो लहानच राहिला. २०१४ ला कॅडेट आणि पुढची दोन वर्षं ज्युनियर जागतिक विजेता, सगळं ५० किलोत. कॉलेजात १२५ पौंडांत तीन राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातलं २०२१ चं गुडघ्याचे स्नायुबंध तुटलेले असताना. पॅरिसला ५७ किलोत रौप्य. अंतिम फेरीत जपानच्या रेई हिगुचीने त्याला हरवलं, आणि हा हिगुची २०२१ ला आशियाई पात्रता स्पर्धेत ५० ग्रॅम वजन जास्त भरल्याने बाद झाला होता.

साताऱ्याचे_पीटी_सर

एवढं सगळं अमेरिकेचं चाललंय, तर आपल्या खाशाबांची आठवण करून देतो. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले ते फ्लायवेट गटात, ५२ किलोच्या आत. त्या वेळचा सर्वांत हलका गट तोच. सहावे आले. तिथे रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन कुस्तीगीराने त्यांना शिकवलं. गादीवरची कुस्ती, तीही परदेशी नियमांची, खाशाबांना नवी होती. चार वर्षांनी हेलसिंकीला ते वरच्या बँटमवेट गटात, ५७ किलोत उतरले आणि ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. म्हणजे सर्वांत हलक्या गटात सुरुवात, मग एक गट वर. टेलरची वाट गोळेश्वरच्या पोराने १९५२ ला चाललेली आहे. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, हे आमच्या भागात प्रत्येकाला तोंडपाठ असतं.

आता मुद्द्याचं. पुरुषांचा ५२ किलोचा गट १९९६ नंतर ऑलिंपिकमधून गेला, ४८ चाही गेला. आज वरिष्ठ गटात सुरुवात ५७ ला. १७ वर्षांखालच्या मुलांचा पहिला गट ४१ ते ४५ किलोचा, मग ४८, ५१, ५५. आणि २० वर्षांखालच्यांना एकदम ५७ पासून सुरुवात. अठरा वर्षांचा, ५० किलोचा पोरगा त्या दिवशी कुठे जाईल? माझ्या शाळेतून असे पोरगे दरवर्षी सुटतात. सतरा पूर्ण झाली की कुस्ती संपली.

आमच्या तालुक्याच्या स्पर्धेत ४५ च्या गटात कधी तीन पोरं येतात, कधी दोन. एखाद्या वर्षी एकच येतो आणि न लढता जिल्ह्याला जातो. शाळेला त्याचं कौतुक नाही, कारण शाळेच्या नावावर काही जमा होत नाही. ओहायोकरांनी सांगितलेली शाळा विरुद्ध शाळा पद्धत मी आता दोन शेजारच्या शाळांच्या शिक्षकांना सांगणार आहे. पाच गट घेऊ, पहिला ४५ चा, शेवटचा ६५ चा. प्रत्येक गटाला सारखे गुण. गादी आमच्याकडे आहे. सरकारी परवानगीची गरज नाही, दोन मुख्याध्यापकांची सही पुरे.

तालमीतला_पोरगा

सर, हे करा. मी पंच म्हणून येतो, पैसे नकोत. आणि राहुल आवारेचं नाव राहिलं. बीडच्या पाटोद्याचा. २०१८ ला राष्ट्रकुलचं सुवर्ण ५७ किलोत, २०१९ ला जागतिक ब्राँझ ६१ किलोत, आणि तेही अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ ने हरवून. हलक्या गटाचा गडी आहे म्हणून त्याला गदा मिळाली नाही, पण आमच्या तालमीत बारक्या पोरांच्या खोलीत फोटो त्याचाच आहे.

निळा_लंगोट

पहिल्या प्रतिसादात मी जी शंका काढली होती, ती अजूनही आहे. विजेत्यांकडे बघून नियम काढता येत नाही. पण ओहायोकरांचा वयाचा मुद्दा मला पटला. चौदाव्या वर्षी बरोबरीच्या पोराशी हंगामभर लढायला मिळणं हाच फायदा. पुढे तो ऑलिंपिकला गेला नाही तरी तो हंगाम त्याचा आहेच. पीटी सरांच्या उपक्रमाला मीही हातभार लावीन. वजनकाट्याचा खर्च माझ्याकडे. साधा भांडीवाल्याकडचा नको, ५० ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या.

नवा_पालक

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय. मुलगा तेरा वर्षांचा, वजन ३९ किलो, पुण्यात तालमीत जायला लागून वर्ष होत आलंय. मनापासून जातो. घरचे म्हणतात की खुराक वाढव, तूप-बदाम घाल, लवकर मोठ्या गटात ने, नाहीतर पैलवान कसला. तालमीतलं कोणी म्हणतं की ३८ च्या गटात बसव, एकच किलो आहे. काय करू?

डॉ_वजनकाटा

दोन्ही करू नका. त्याला भूक लागेल तेवढं घरचं जेवण द्या. दूध, अंडी, डाळ, भाकरी, भाजी. झोप नऊ तास. महिन्यातून एकदा उंची आणि वजन वहीत लिहून ठेवा. तो ज्या वजनाचा असेल त्याच्या वरचा जवळचा गट, तिथे खेळवा. ३९ चा असेल तर ३८ ला नको, वरच्या गटात खेळू दे. सरावानंतर लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. आणि मुलाला तुमच्यासमोर कोणी वजन उतरवायला सांगितलं, तर तिथेच स्पष्ट नाही म्हणा.

कृष्णाकाठचा

डॉक्टरांनी सांगितलं ते शंभर टक्के. माझ्याकडून एवढंच की त्याला आता डाव शिकू द्या. एकेरी पट दोन्ही बाजूंनी, उजवीकडून आणि डावीकडूनही. बहुतेक पोरं एकाच बाजूने शिरतात आणि पुढे तिथेच अडकतात. ३९ किलोत डावी बाजू बसवायला वेळ आहे. साठीच्या घरात गेल्यावर नवी बाजू बसवणं फार जड जातं, मी ते करून बघितलंय. आणि त्याच्याच वजनाचा जोडीदार तालमीत नसेल तर मला संदेश पाठवा. माझ्याकडचा धाकटा पोरगा ४० चा आहे, सुट्टीत पुण्यालाच मामाकडे असतो.

नवा_पालक

पाठवलाय संदेश. मे महिन्यात दोघांना एकत्र घालू.